साक्ष द्यायची तर पुरी द्या

ती साक्षीला उभी राहिली तेव्हा तिच्या औषधाला दोन महिने झाले होते. रहिमतपूरच्या शिवारात आल्याच्या भांगलणीला जाणारी बाई. पावसाळाभर खोकत होती, संध्याकाळी अंग तापायचं, वजन उतरलं होतं. थुंकी तपासली, टीबी निघाला, सरकारी गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला गेला, भूक लागायला लागली, ढिले पडलेले ब्लाऊज पुन्हा अंगाला बसले. घरगुती प्रार्थनासभेत ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "प्रभूनं मला बरं केलं." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हालेलूया म्हटलं. मीही म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळ्या सोडल्या.

सोड म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाळकांनी नाही, नवऱ्यानंही नाही. मागाहून मी विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाली, "बाई, चार माणसांत बरी झाले म्हणून सांगितलं. मग गोळी कशी घेऊ? घेतली तर साक्ष खोटी पडती की."

काही महिन्यांनी खोकला परत आला, आणि या खेपेला पहिल्या गोळ्यांना दाद देईना. उपचार लांबले, गोळ्या वाढल्या, कामाला खाडे पडले, धाकट्या भावाला सांभाळायला थोरल्या मुलीची शाळा बुडाली. ती वाचली, आज बरी आहे. पण त्या सभेत एका जरी बाईनं विचारलं असतं की गोळ्या अजून किती दिवस आहेत गं, तर हे सगळं टळलं असतं. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उभी हयात घालवली. टीबीच्या गोळ्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. टाळ्या वाजवताना माझ्या तोंडून ते निघालं नाही. ही चूक माझी आहे, आणि म्हणून हे लिहायला बसले आहे.

बहिणींनो, माझं सांगणं एवढंच आहे. साक्ष द्यायची तर पुरी द्या. देवाचं नाव घ्या, जरूर घ्या, पण डॉक्टरांचंही घ्या, गोळीचंही घ्या, गोळी अजून चालू असेल तर तेही सांगा. शंका आली होती का, रडला होता का, देवावर रागावला होता का, तेही सांगा. आणि बऱ्या झाल्या नसाल तरी उभ्या राहा. आमच्यात बरी झालेली बाईच तेवढी बोलते, बाकीच्या मागं बसून ऐकतात. हे मला आता बघवत नाही.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ख्रिस्ती मंडळीत साक्ष देणं म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते आपल्या तोंडानं चारचौघांत सांगणं. त्याला शिक्षण लागत नाही, पद लागत नाही. जिला कुणी घरात बोलू दिलं नाही अशी बाईही तिथं पाच मिनिटं उभी राहून बोलते आणि सगळे ऐकतात. ही फार मोठी गोष्ट आहे. मी कितीतरी बायकांना त्या पाच मिनिटांत सरळ उभं राहताना बघितलं आहे. म्हणून साक्षी बंद करा असं मी म्हणणार नाही, कधीच नाही. पण शब्द तोच आहे जो कोर्टात चालतो. कोर्टात उभा राहिलेला माणूस अर्धं सांगून अर्धं गिळत असेल तर त्याला आपण साक्षीदार म्हणतो का?

मार्काच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय तुम्ही शंभरदा ऐकला असेल. बारा वर्षं अंगावरून जात असलेली ती बाई. गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. आपण गोष्ट इथं थांबवतो. ती इथं थांबत नाही. येशू विचारतो, मला कुणी शिवलं, आणि ती थरथर कापत पुढं येऊन त्याला सगळं खरं खरं सांगते. सगळं म्हणजे काय काय असेल, याचा विचार करा. बारा वर्षांचं अंगावरून जाणं. विटाळ म्हणून दूर बसवलेलं. वैद्यांच्या पायऱ्या झिजवून संपलेला पैसा. चोरून हात लावला हेही. मार्क तर वैद्यांकडं तिचे हाल झाले हेसुद्धा लिहून ठेवतो. म्हणजे शुभवर्तमानातसुद्धा केसपेपर अर्धा फाडलेला नाही. एवढं सगळं सांगितल्यावर येशू तिला मुली म्हणून हाक मारतो आणि शांतीनं जा म्हणतो. मला नेहमी वाटतं, रक्त थांबलं ते हात लावल्यावर, पण तिची भीती गेली ती सगळं बोलून झाल्यावर.

आणखी एक गोष्ट. कुष्ठरोगी बरा झाल्यावर येशू त्याला काय सांगतो? जा, याजकाला दाखव. त्या काळी अंगावरचा डाग गेला की नाही हे तपासून ठरवायचं काम याजकाचं होतं. येशूनं स्वतः बरं केलं, तरी तपासून घे म्हणाला. मग आपल्याला तपासणीचं वावडं का असावं? थुंकी पुन्हा तपासली, एक्सरे काढला, शुगर बघितली, म्हणजे देवावर अविश्वास दाखवला असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा उतारा उघडून द्या.

आता दोन बायकांविषयी बोलते. दोघी आपल्या मराठी मुलखातल्या, दोघींनी आपली साक्ष कागदावर ठेवली, आणि दोघींनी ती पुरी ठेवली.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळात वणवण करताना आई, वडील आणि बहीण गेली. पुढं भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. तेव्हा त्यांना चोविसावं वर्ष चालू होतं. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढं त्यांची साक्ष झाली. ती सरकारी साक्ष होती. या देशातल्या बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, नाहीतर त्या पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत आणि मरतात, हे त्यांनी तिथं ठासून सांगितलं. मग स्वतःच डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकू कमी येत होतं. त्या एका उणिवेपायी डॉक्टर होणं राहून गेलं.

इथं जरा थांबा. त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, त्यांनी वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. पुढं आयुष्यभर त्यांच्याइतकी प्रार्थना करणारी बाई या महाराष्ट्रात क्वचितच झाली असेल. केडगावचं मुक्ती मिशन प्रार्थनेवर उभं राहिलं. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो बायका-मुलींना मरणाच्या दारातून आणून तिथं जगवलं. १९०५ मध्ये तिथं जे जागरण झालं, मुली रडत रडत रात्ररात्र प्रार्थना करत होत्या, त्याची बातमी जगभर गेली. पण रमाबाईंचे कान सुधारले नाहीत. उतारवयात तर त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. कुणी म्हणेल का की त्यांचा विश्वास कमी पडला? त्या कानांनिशीच त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं काम शेवटपर्यंत केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा चाळिशीत गेली. एवढ्या प्रार्थनेच्या घरातून गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या.

रमाबाईंची साक्ष १९०७ सालची. तिच्यात त्या एक गोष्ट अगदी उघड सांगतात. बाप्तिस्मा घेतला तेव्हा ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला होता, पण ज्या ख्रिस्तासाठी जीव तळमळत होता तो भेटला नव्हता. मन शांत झालं ते जवळजवळ आठ वर्षांनी. आठ वर्षं! आणि या आठ वर्षांत त्या अमेरिका फिरल्या, पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय हिचा विश्वास! आतून त्या अजून शोधत होत्या. हे झाकून ठेवणं त्यांना किती सोपं होतं. झाकलं नाही. आपल्या सभेत एखादी तरुण सून म्हणते का, की मला बाप्तिस्मा घेऊन चार वर्षं झाली पण आत अजून काही हललेलं नाही? म्हणत नाही, कारण आपण तिला म्हणू देत नाही.

दुसरी बाई आपल्या आणखी जवळची. रहिमतपूरहून सातारा तासाभराच्या वाटेवर आहे. तिथं १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक राहायला आले आणि त्यांनी देवाचा दरबार उभा केला. लक्ष्मीबाई टिळक त्यांच्या पत्नी. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंच्या मागं. संसार फाटला. काही वर्षं ताटातूट झाली. पुन्हा नवऱ्याकडं राहायला आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी, सगळं काही दिवस तसंच चाललं. शिवाशिव मनातून गेली ती स्वतः विचार करून, हळूहळू. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेत न गेलेल्या या बाईनं १९३४ पासून जी 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध केली ती मराठीतल्या पहिल्या पंगतीच्या पुस्तकांत बसते, हे ख्रिस्ती नसलेले लोकही सांगतात.

ते पुस्तक घरात आणा. महिला मंडळात एक एक प्रकरण वाचा. त्यात गेलेली मुलं आहेत, आजारपणं आहेत, कफल्लक दिवस आहेत, नवऱ्याशी भांडणं आहेत. ख्रिस्ती झाल्यावर भांडणं थांबली असं त्या कुठंही लिहीत नाहीत, कारण ती थांबली नव्हती. गरिबीही गेली नव्हती. त्याच घरात दुष्काळातली अनाथ पोरं वाढली. मला या बाईचा विश्वास पटतो, कारण तिनं स्वतःचा राग झाकलेला नाही. आणि आणखी एक शिकण्यासारखं आहे. आपल्या साक्षीसाठी तिनं सासर-माहेरच्या देवाधर्माला शिव्या घातल्या नाहीत. माहेरच्या माणसांवरची माया पानापानांत आहे. आपण चौंडेश्वरीच्या देवळासमोरून आणि रणदुल्लाखानाच्या दर्ग्यावरून रोज ये-जा करतो, शेजारणीच्या घरची साखर उसनी आणतो. माझं दुखणं सांगताना तिचा देव खोटा म्हणायची गरज नाही. माझ्याशी काय घडलं तेवढं सांगितलं की साक्ष झाली.

रहिमतपूर स्टेशनवर उभं राहिलं की हे रूळ मला दोन दिशांना दोन ठिकाणी नेतात. एकीकडं पुणे, आणि पुण्याहून दौंडच्या बाजूला रमाबाईंचं केडगाव. दुसरीकडं तारगाव, मसूर, कराड, किर्लोस्करवाडी करत मिरज. आमच्या आधीच्या पिढीत मोठं दुखणं आलं की एकच शब्द असायचा, "मिरजेला न्या." डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं. पुढं सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी दवाखाना झाला, त्या जागेला आजही वानलेसवाडी म्हणतात. छोट्या लाइनीच्या गाडीतून आजाऱ्याला घोंगडीत गुंडाळून कसं न्यायचे, ते म्हातारी माणसं सांगायची. कोण कुठल्या जातीचं, कोण कुठल्या देवाचं, सगळे एका व्हरांड्यात.

मला हे का आठवतं ते सांगते. मिशन दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची. आणि प्रार्थना झाली की चाकू उकळत्या पाण्यातून काढायचे, हात घासून घासून धुवायचे. प्रार्थना केली म्हणून कुणी हात धुवायचे सोडले नाहीत. हे दोन्ही एकाच टेबलापाशी चालायचं आणि कुणाला त्यात विसंगत काही वाटायचं नाही. आपल्याच मराठी ख्रिस्ती बायका त्यात पुढं होत्या. गुरुबाई करमरकर १८९२ मध्ये अमेरिकेत, जिथं आनंदीबाई जोशी शिकल्या त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजात, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन वीस वर्षांहून अधिक काळ मुंबईत मिशनच्या दवाखान्यात बायका-मुलांना तपासत राहिल्या. आणि नर्सिंग शिकलेल्या आपल्या मावश्या, आत्या, चुलत बहिणी तर किती! विश्वास आणि औषध यांचं वैर आपल्या आज्यांना ठाऊक नव्हतं. ते कुठून तरी अलीकडं आलं आहे.

ते कुठून आलं, याचा अंदाज मला आहे. काही वर्षांपूर्वी एका मांडवात मी बसले होते. बाहेरून आलेला प्रचारक होता. फिट येणाऱ्या एका मुलीला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाला, आता औषधाची बाटली घरी दिसता कामा नये. ती आई घाबरून मान डोलवत होती. फिटचं औषध एकदम बंद केलं तर फिट मागून फिट येत राहते आणि जीवही जाऊ शकतो. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी-तिघींनी त्या आईला गाठलं, हात जोडले, औषध चालू ठेवायला लावलं. प्रचारक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात गेला. मुलगी गावातच राहणार होती.

असा माणूस आला तर त्याला प्रश्न विचारा. भिऊ नका, तो देव नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला. चमत्काराच्या नावावर लोकांना फसवून पैसे काढणं, साप-विंचू-कुत्रं चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं, हे त्या कायद्यानं गुन्हे आहेत आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. प्रार्थनेला, उपासनेला कायद्यानं हात लावलेला नाही. तुमची उपवास-प्रार्थना, तेल लावून केलेली प्रार्थना, त्यात काही गैर नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलंच आहे. पण त्या काळी तेल हे औषधही होतं. चांगल्या शोमरोन्यानं जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली आणि पुढच्या खर्चाचे पैसे देऊन गेला. पट्टी आणि पैसे हे त्या दृष्टांतातून गाळायचे नाहीत.

सगळ्यात वाईट शब्द मी आमच्याच बायकांच्या तोंडून ऐकले आहेत. "तुझा विश्वास कमी पडला असेल बघ." कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत पडलेल्या बाईच्या उशाशी बसून हे म्हणतात! बाळ गेलेल्या आईला म्हणतात. मूल होत नाही तिला तर जाता येता म्हणतात. बोलणाऱ्या बाईला वाटतं आपण धीर देतोय. ऐकणाऱ्या बाईला दुखण्यावर आणखी एक दुखणं होतं, कारण आता आजारही तिचाच आणि अपराधही तिचाच. पौलाच्या शरीरातला काटा गेला नाही. त्यानं तीनदा मागितलं, तरी नाही. तीमथ्याला पोटाचा त्रास होता, तर पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घे म्हणून साधा इलाज सांगितला. त्रफिमाला तर मिलेतात आजारी टाकून पुढं जावं लागलं. ही नावं बायबलातली आहेत. यांतल्या कुणाला पौलानं अविश्वासी म्हटलेलं नाही. तेव्हा हे वाक्य आपण आजपासून तोंडातून काढून टाकू. त्याच्या जागी काही सुचत नसेल तर गप्प बसून तिचे पाय चेपा.

मनाच्या दुखण्याचं निराळं सांगायला हवं, कारण तिथं आपण जास्त चुकतो. बाळंतपणानंतर रडत राहणारी सून, नवरा गेल्यावर महिनोन्‌महिने न झोपणारी बाई, जीव नकोसा झाला म्हणणारी पोरगी. बाहेर गावात म्हणतात हिला बाहेरचं झालंय, देवऋषी गाठा. आमच्यात म्हणतात सैतानानं बांधलंय, उपवास धरा. नाव बदलतं, बाईचे हाल तेच. हा आजार आहे, याला डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, बोलून मोकळं करणारी शिकलेली माणसं आहेत. १४४१६ या सरकारी मदतीच्या नंबरवर रात्रीबेरात्री केव्हाही फोन लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर महिला मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिच्याबरोबर प्रार्थनाही करा. फक्त तिला खोलीत कोंडून करू नका आणि उपाशी ठेवून करू नका.

पाळकसाहेबांना एक विनंती आहे. साक्षीच्या आधी दोन वाक्यं बोला. म्हणा की ज्यांचं औषध चालू आहे त्यांनी ते डॉक्टरांनी थांबवल्याशिवाय थांबवायचं नाही, आणि ते घेत राहणं हा विश्वासाचाच भाग आहे. मंडळी तुमचं ऐकते. माझ्यासारख्या परिचारिकेनं वर्षभर सांगून जे होत नाही ते तुमच्या दोन वाक्यांनी होईल. आणि जी साक्षीला उठते तिला नंतर बाजूला घेऊन विचारा, बाई, गोळ्या आहेत ना अजून? टीबीची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर जमा होतात. कुष्ठरोगाची औषधंही फुकट आहेत. खर्चाच्या भीतीनं कुणी चमत्काराची वाट बघत असेल तर निदान ती भीती तरी काढून टाकता येईल.

राहिली ती दुखणी, ज्यांची साक्षही होत नाही आणि दवाखानाही होत नाही. आपण ती अंगावर काढतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं, आपण म्हणतो उष्णता असेल. छातीत गाठ हाताला लागते, दुखत नाही म्हणून पदराखाली ठेवतो. न दुखणाऱ्या गाठीचीच जास्त काळजी करायची असते, हे मी किती जणींना सांगितलं असेल! आल्याची काढणी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, कापणीचा सण होऊ दे. मार्कातल्या त्या बाईनं बारा वर्षं काढली, पण तिनं बारा वर्षं इलाज शोधला. आपण बारा वर्षं नुसती लपवण्यात घालवतो, आणि वरून देव बघून घेईल म्हणतो.

तेव्हा येत्या सभेत एवढं करा. साक्षीची वेळ आली की मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या, अजून बऱ्या न झालेल्या बाईला बोलायला सांगा. ती रडली तर रडू द्या, टाळ्या वाजवायची घाई करू नका. तिला विचारा, औषध काय चालू आहे, पुढची तारीख कधी आहे. आणि हे वाचताना जिच्या मनात आत्ता स्वतःची एखादी गाठ, एखादा डाग, एखादं रक्त आलं असेल, तिनं उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपर काढावा. एकटीला भीती वाटत असेल तर सतरंजीवर शेजारी बसणाऱ्या बाईला सांगावं. आणि ती शेजारी बसणारी तुम्ही असाल तर एक दिवसाचा रोज बुडू द्या, पण तिच्याबरोबर जा.